होमरचा वीर कोणाला म्हणायचं?

होमर या ग्रीक कवीच्या 'इलियड'च्या पहिल्याच सर्गात ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा लढणं थांबवतो आणि आपल्या छावणीत जाऊन बसतो. सेनापती अगामेम्नॉननं भर सभेत त्याचा अपमान केला आहे. लुटीतून त्याच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस ही बंदिवान स्त्री काढून घेतली आहे. अकिलीस नुसता रुसून बसत नाही. तो आपल्या आईला, थेटिस या समुद्रदेवीला, विनवतो की देवांचा राजा झ्यूस याच्याकडे जा आणि माझ्याच बाजूचं सैन्य मार खाईल असं कर. पुढच्या सर्गांमधून ग्रीकांची प्रेतं पडत राहतात ती या मागणीपायी. आणि तरीही हे काव्य अखेरपर्यंत ग्रीकांमधला श्रेष्ठ वीर म्हणून अकिलीसचंच नाव घेतं.

रामायणावर वाढलेला वाचक इथे हमखास अडखळतो. महाकाव्याचा नायक म्हटलं की आपल्याला वचन पाळणारा, संयमी, आदर्श पुरुष हवा असतो. होमरच्या वीराला त्या मापानं मोजायला गेलं तर तो हट्टी, रक्तपिपासू आणि मानापमानात अडकलेला दिसतो आणि पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. तसं होऊ नये म्हणून हा लेख. होमरचा वीर चांगला माणूस आहे की नाही हा प्रश्न त्याच्या जगात दुय्यम आहे. त्याची सगळी वैशिष्ट्यं एकाच गोष्टीतून उगवतात: तो मरणार आहे, हे त्याला ठाऊक आहे, आणि हातात असलेल्या थोड्या आयुष्याचं काय करायचं याचं उत्तर त्याला चारचौघांसमोर द्यायचं आहे.

थोडी पार्श्वभूमी. 'इलियड' आणि 'ओडिसी' ही दोन्ही काव्यं साधारणपणे इ. स. पू. आठव्या शतकाच्या सुमारास आकाराला आली असं मानलं जातं. प्रत्येकी २४ सर्ग. 'इलियड'च्या सुमारे १५,७०० ओळी, 'ओडिसी'च्या सुमारे १२,१००. ट्रॉयचं युद्ध दहा वर्षं चाललं, पण 'इलियड' त्यातल्या शेवटच्या वर्षातले जेमतेम पन्नासेक दिवस सांगतं. लाकडी घोडा त्यात नाही, अकिलीसची टाचही नाही, त्याचा मृत्यूसुद्धा नाही. ही काव्यं लिहिण्याआधी गायली जात होती. मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि तयार शब्दबंधांच्या आधारानं हजारो ओळी कशा रचता येतात हे दाखवून दिलं. होमरमध्ये वीरांच्या नावांना कायमची विशेषणं चिकटलेली असतात ती याच परंपरेमुळे. चपळ पायांचा अकिलीस बसलेला असला तरी चपळ पायांचाच असतो.

आता मानाकडे वळू, कारण सगळं भांडण तिथून सुरू होतं.

ग्रीक शब्द आहे 'तिमे'. हा मान मनातल्या मनात बाळगायचा नसतो; तो दिसावा लागतो. लढाईनंतरच्या वाटपात मिळालेला खास वाटा, मेजवानीतला मांसाचा उत्तम तुकडा, काठोकाठ भरलेला प्याला, सभेत बसायची जागा, ही सगळी त्या मानाची रूपं. म्हणून ब्रिसेइसला नेणं म्हणजे अकिलीसची किंमत सगळ्या सैन्यासमोर शून्यावर आणणं. (ब्रिसेइसला स्वतःला काय वाटतं, हे कवी थेट एकोणिसाव्या सर्गात तिच्या तोंडून ऐकवतो: नवरा आणि तीन भाऊ डोळ्यांदेखत मारले गेलेली ही बाई आहे. वीरांच्या मानाचा हिशेब बायकांच्या देहांवर मांडलेला होता, हे वाचताना विसरू नये.) अकिलीस आईसमोर रडतो तेव्हा त्याची तक्रार फार नेमकी असते. तू मला अल्पायुषी जन्माला घातलंस, मग निदान मान तरी झ्यूसनं मला द्यायला हवा होता. आयुष्य तोकडं आणि त्याची भरपाई मानानं, असा हा सौदा आहे.

हा सौदा सर्वांत स्वच्छपणे सांगतो तो ग्रीक नव्हे, ट्रॉयच्या बाजूनं लढणारा लिसियाचा राजा सार्पेडन. बाराव्या सर्गात ग्रीकांच्या तटबंदीवर चालून जाण्याआधी तो आपल्या सोबत्याला, ग्लॉकसला, विचारतो: आपल्या मुलखात आपल्याला पहिल्या पंगतीचा मान का? उत्तम मांस, भरलेले प्याले, झँथस नदीकाठची मळ्यांची आणि गव्हाची जमीन आपल्यालाच का? मग आता पहिल्या फळीत उभं राहणं आपलं काम आहे, म्हणजे आपले लोक म्हणतील की यांनी खाल्लेलं सार्थकी लावलं. इथपर्यंत हे खाल्ल्या मिठाला जागणं झालं. पण सार्पेडन पुढे जे बोलतो त्यासाठी मी हा सर्ग पुन्हा पुन्हा उघडतो. मित्रा, या लढाईतून सुटून आपण कायमचे अजरामर होणार असतो, तर मी स्वतः पुढे गेलो नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. पण मरण हजार वाटांनी आपल्याभोवती उभंच आहे, ते कोणाला चुकत नाही. तेव्हा चल, एक तर आपण कोणाला कीर्ती देऊ, नाही तर कोणी आपल्याला देईल.

चार सर्गांनंतर सार्पेडन मरतो. तो झ्यूसचा मुलगा आहे. झ्यूसला त्याला वाचवायचं असतं, पण त्याची बायको हेरा बजावते की तू वाचवलंस तर सगळेच देव आपापली मुलं वाचवायला धावतील. झ्यूस रक्ताचा पाऊस पाडतो आणि मुलाला मरू देतो. वीराच्या अंगात देवाचं रक्त असतं, पण ते त्याला मरणातून सोडवायला पुरत नाही.

म्हणूनच होमरच्या देवांना वीर होता येत नाही. पाचव्या सर्गात डायोमिडीस हा मर्त्य योद्धा अथेनाच्या मदतीनं साक्षात युद्धदेव एरिसच्या पोटात भाला खुपसतो. एरिस नऊ-दहा हजार माणसांनी एकदम ओरडावं तसा किंचाळतो, पळत ऑलिंपसवर जातो, झ्यूसकडे रडगाणं गातो, आणि देवांचा वैद्य मलम लावून त्याला तिथल्या तिथे बरा करतो. विषय संपला. देवाच्या धाडसात गमावण्यासारखं काही नसतं, त्यामुळे त्याला धाडस म्हणायलाच अर्थ उरत नाही. डायोमिडीसचं तसं नाही. त्याचा भाला चुकला तर त्याला दुसरा दिवस नाही.

मान जिवंतपणी मिळतो, पण तो माणसाबरोबर जातो. मागे उरते ती 'क्लेओस', म्हणजे कीर्ती, आणि तीही ठरावीक अर्थानं: पुढच्या पिढ्यांनी गायलेलं गाणं. कीर्तिरूपानं उरणं हे इथे अक्षरशः घ्यायचं. होमरच्या जगात मेल्यावर चांगल्या माणसासाठी कुठलाही स्वर्ग राखून ठेवलेला नसतो; हेडिसच्या, म्हणजे मृतांच्या लोकाच्या, अंधारात सगळ्यांच्या सारख्याच सावल्या. हेलनचा नवरा मेनेलाओस याच्यासारखा एखादाच, झ्यूसचा जावई म्हणून, सुटतो. अशा वेळी गाणं हेच एक घर उरतं. अकिलीसला आईनं दोन नशिबं सांगितलेली आहेत: ट्रॉयला राहून लढलास तर परतणार नाहीस, पण कीर्ती कधी विझणार नाही, घरी गेलास तर कीर्ती बुडेल, पण दीर्घायुषी होशील. हे तो आपल्याला सांगतो नवव्या सर्गात, आणि त्या वेळी त्याच्या मनात घरी जायचं आहे.

हा नववा सर्ग म्हणजे सगळ्या वीरधर्माची उलटतपासणी आहे. ग्रीक हरत चाललेत, अगामेम्नॉन नमला आहे, आणि तीन माणसं अकिलीसची मनधरणी करायला येतात: ओडिसियस, म्हातारा फिनिक्स आणि एजॅक्स. ते येतात तेव्हा अकिलीस वीणेसारखं वाद्य घेऊन जुन्या वीरांच्या कीर्तीची गाणी गात बसलेला असतो. ओडिसियस भेटींची यादी वाचतो: सात तिवया, दहा टॅलंट सोनं, वीस कढया, बारा शर्यतीचे घोडे, लेस्बॉसच्या सात स्त्रिया, ब्रिसेइस परत, वर अगामेम्नॉनची मुलगी आणि सात नगरं. यादी शब्दशः तीच, जी अगामेम्नॉननं सांगितली होती. फक्त एक ओळ ओडिसियस गाळतो. अगामेम्नॉन शेवटी म्हणाला होता की त्यानं माझ्यापुढे नमावं, मी त्याच्याहून मोठा राजा आहे. ती ओळ न ऐकताही अकिलीस ओळखतो. मनात एक आणि ओठावर एक असलेला माणूस मला हेडिसच्या दारांइतका नकोसा वाटतो, असं तो ओडिसियसच्या तोंडावर म्हणतो.

पुढे तो जे बोलतो ते त्या समाजात कोणी बोलत नाही. मागे राहणाऱ्याला आणि जिवावर उदार होऊन लढणाऱ्याला वाटा सारखाच. भित्र्याला आणि शूराला मान सारखाच. काही न करणारा आणि खूप काही करणारा, दोघेही मरतातच. गुरं लुटून आणता येतात, तिवया मिळवता येतात, पण एकदा दातांच्या कुंपणाबाहेर गेलेला प्राण परत आणता येत नाही. म्हणजे मान-मरणाचा सौदाच मुळात खोटा निघाला तर? माझ्या मते 'इलियड' मोठं ठरतं ते इथे. कवीनं आपल्या सर्वश्रेष्ठ वीराच्या तोंडून वीरपणावरच सर्वांत कठोर प्रश्न विचारला आहे, आणि त्याचं समाधानकारक उत्तर त्या तिघांपैकी कोणालाही देता येत नाही.

याच सर्गात फिनिक्स आठवण करून देतो की लहानपणी मी तुला दोन गोष्टी शिकवल्या, बोलणारा हो आणि करणारा हो. वक्तृत्व हा वीराचा अर्धा भाग होता. सभेत नेमकं बोलता येणं, हे भाला नेमका फेकण्याइतकंच महत्त्वाचं. फक्त बोलायचा अधिकार सगळ्यांना नव्हता. दुसऱ्या सर्गात थर्सायटीस नावाचा एक जण अगामेम्नॉनच्या हावरटपणावर तोंडसुख घेतो. त्याचं म्हणणं अकिलीसच्या म्हणण्याहून फारसं वेगळं नाही. पण तो फेंगड्या पायांचा, लंगडा, पोक आलेला, विरळ केसांचा आहे, असं कवी मुद्दाम तपशिलात सांगतो. ओडिसियस त्याला राजदंडानं बडवतो आणि सैन्य हसतं. वीर देखणा असतो, मोठ्या घराण्यातला असतो, भर रणांगणात आपल्या आज्याची कथा सांगू शकतो. खऱ्या बोलण्याबद्दल मार खाणारा थर्सायटीस या चौकटीत बसत नाही, आणि हा प्रसंग मला आजही बोचतो.

ट्रॉयचा राजपुत्र आणि सेनापती हेक्टर वेगळा आहे. अकिलीसला मानाची ओढ, हेक्टरला लाजेचा धाक. ग्रीकमध्ये या लाजेला 'आइदोस' म्हणतात: आपल्या माणसांच्या नजरेची जाणीव, जी माणसाला पळण्यापासून आणि अमर्याद वागण्यापासूनही रोखते. सहाव्या सर्गात त्याची बायको आंद्रोमाकी त्याला तटावर थांबायला विनवते. तिचे वडील आणि सातही भाऊ अकिलीसनं मारले आहेत. तूच माझा बाप, आई, भाऊ आणि नवरा, असं ती म्हणते. हेक्टर म्हणतो, मलाही हे सगळं कळतं, पण मी मागे राहिलो तर ट्रॉयच्या पुरुषांना आणि बायकांना काय तोंड दाखवू? ट्रॉय पडणार आणि तुला कोणा ग्रीकाच्या घरी गुलाम म्हणून पाणी भरावं लागणार, हेही त्याला दिसतं. मग तो मुलाला घ्यायला हात पुढे करतो, आणि बाळ किंचाळून दाईच्या कुशीत शिरतं. बापाच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा हलता तुरा बघून ते घाबरलेलं असतं. आई-बाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मगच मुलाला उचलून घेतो. होमरमध्ये हेक्टरचं नेहमीचं विशेषण 'लखलखत्या शिरस्त्राणाचा' असं आहे. ज्या वस्तूनं तो जगाला ओळखू येतो, तिच्यामुळे पोटचं पोर त्याला ओळखत नाही.

बाविसाव्या सर्गात हीच लाज त्याचा जीव घेते. सैन्य तटाच्या आत न्यावं हा आपला साथीदार पोलिडामसचा सल्ला त्यानं आदल्या रात्री झिडकारलेला असतो आणि त्यापायी बरेच ट्रॉयवासी मारले गेलेले असतात. आता वेशीबाहेर एकटा उभा राहून तो विचार करतो: आत गेलो तर माझ्याहून हलका माणूसही म्हणेल की हेक्टरनं स्वतःच्या ताकदीच्या भरवशावर सैन्य बुडवलं. शस्त्रं ठेवून, जिच्यापायी हे युद्ध पेटलं त्या हेलनला परत द्यायची बोलणी करावीत का, असंही त्याच्या मनात येतं. मग अकिलीस जवळ येतो आणि हेक्टर चक्क पळतो. नगराला तीन फेऱ्या. होमरच्या वीराला भीती वाटते, हात-पाय कापतात, तो पळतो, रडतो. यातलं काहीच लपवण्यासारखं मानलेलं नाही. अथेना त्याच्या भावाचं रूप घेऊन त्याला फसवते तेव्हा तो थांबतो. भाला मागायला वळतो, तर भाऊ तिथे नसतोच. देवांनी आपल्याला मरणासाठी बोलावलंय हे कळल्यावर तो म्हणतो की निदान काहीतरी मोठं करून मरेन, जे पुढच्यांनाही कळेल. आणि तलवार उपसतो.

अकिलीस मात्र तोवर लाजेच्या पलीकडे गेलेला आहे. पॅट्रोक्लस, त्याचा जिवाभावाचा सोबती, त्याचंच चिलखत घालून लढायला गेला आणि हेक्टरच्या हातून मेला. आता अकिलीसला भेटवस्तू नकोत, मानही नको. एकविसाव्या सर्गात लायकाऊन हा ट्रॉयचा राजा प्रायम याचा तरुण मुलगा, हेक्टरचा भाऊ, निःशस्त्र त्याच्या गुडघ्यांना मिठी मारतो. अकिलीस म्हणतो: मित्रा, तूही मर. एवढं रडतोस कशाला? पॅट्रोक्लस मेला, तो तुझ्याहून कितीतरी चांगला होता. माझ्याकडे बघ, मी केवढा धिप्पाड आणि देखणा आहे, पण माझंही मरण एखाद्या सकाळी, संध्याकाळी किंवा दुपारी यायचंच आहे. सार्पेडनसाठी जी जाणीव शौर्याचं कारण होती, तीच इथे कत्तलीचं कारण झाली आहे. पॅट्रोक्लसच्या चितेवर तो बारा ट्रॉयवासी तरुण कापतो, हेक्टरचं प्रेत रथामागे बांधून रोज ओढतो. शेवटी अपोलो देवसभेत सांगतो की या माणसाची दयाही संपली आहे आणि लाजही.

चोविसाव्या सर्गात म्हातारा प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत येतो, अकिलीसच्या तंबूत एकटा शिरतो आणि आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो. तुझ्या बापाची आठवण कर, एवढंच तो मागतो. दोघंही रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा कधी बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी. पण त्यानंतरचा तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अकिलीस दासींना सांगतो की प्रेताला आंघोळ घाला, पण आड नेऊन. मुलाला पाहून प्रायमचा संताप अनावर झाला, तर आपला राग भडकून आपल्या हातून त्यालाही मारलं जाईल, ही भीती त्याला स्वतःबद्दल वाटते. ज्याचा राग हा या काव्याचा विषय आहे, त्याला पहिल्यांदाच स्वतःचा राग आधीच येताना दिसतो आणि तो त्याच्या वाटेतून दुसऱ्याला बाजूला करतो. मग प्रेत तो स्वतः उचलून ठेवतो, म्हाताऱ्याला जेवू घालतो, आणि अंत्यविधीसाठी किती दिवस हवेत ते विचारून तेवढे दिवस लढाई थांबवण्याचा शब्द देतो. इतकी मारामारी झाल्यावर काव्य संपतं ते हेक्टरच्या अंत्यविधीवर, शत्रूच्या अंत्यविधीवर.

'ओडिसी'तला वीर दुसऱ्या मातीचा. ओडिसियसचं बळ बुद्धीत, कळ सोसण्यात आणि वेळ पडल्यास स्वतःचं नाव लपवण्यात. पॉलिफेमस या एकाक्ष राक्षसाच्या गुहेतून तो सुटतो ते 'माझं नाव कोणीच नाही' असं सांगून. पण जहाज किनाऱ्यापासून दूर गेल्यावर त्याला राहवत नाही. तो ओरडून आपलं खरं नाव, बापाचं नाव, गाव सगळं सांगतो. कीर्ती नावाशिवाय मिळत नाही ना. राक्षस त्याच नावानिशी बापाकडे, समुद्रदेव पोसायडनकडे, शाप मागतो, आणि पुढची सगळी वणवण त्यातून होते. याच्या उलट, वीस वर्षांनी इथाकाला पोचल्यावर तो भिकाऱ्याच्या वेषात आपल्याच घरात, बायकोशी लग्न करू पाहणाऱ्या १०८ मागणीदारांच्या लाथा आणि शिव्या निमूट सोसतो. अकिलीसला एक अपमान सहन होत नाही. ओडिसियस वेळ येईपर्यंत कितीही गिळतो. त्याची बायको पेनेलोपी या बाबतीत त्याच्या बरोबरीची आहे. लग्न टाळण्यासाठी तीन वर्षं ती दिवसा कफन विणते आणि रात्री उसवते.

तरीही मूळ धागा तोच. कॅलिप्सो ही अप्सरा ओडिसियसला अमरत्व आणि चिरतारुण्य देऊ करते. तो म्हणतो की पेनेलोपी तुझ्याइतकी सुंदर नाही, ती मर्त्य आहे, मला मान्य. पण मला घरीच जायचं आहे. सार्पेडन म्हणाला होता की अमर झालो असतो तर लढलो नसतो. इथे अमरत्व समोर ठेवलेलं असताना एक माणूस म्हातारपण आणि मरण निवडतो.

अकराव्या सर्गात त्याला मृतांच्या लोकात अकिलीसची सावली भेटते. ओडिसियस त्याला म्हणतो, तू इथेही राजाच आहेस. अकिलीस उत्तर देतो की मेलेल्या सगळ्यांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या भूमिहीन गरिबाकडे मजुरीनं राबत जिवंत असणं मला चाललं असतं. प्लेटोला या ओळी इतक्या खटकल्या की 'रिपब्लिक'मध्ये त्यानं त्या गाळायची सूचना केली. मरणाला भिणारे शिपाई नगराच्या काय कामाचे, हा त्याचा मुद्दा. त्याच्या उलट टोकाला अलेक्झांडर. इ. स. पू. ३३४ मध्ये आशियात उतरल्यावर तो ट्रॉयला गेला आणि त्यानं अकिलीसच्या थडग्यावर पुष्पचक्र वाहिलं. होमरसारखा कवी लाभला म्हणून त्यानं अकिलीसला भाग्यवान म्हटलं, असं सांगतात.

इ. स. पू. तिसऱ्या शतकात अपोलोनियसनं सोनेरी लोकरीच्या शोधाचं काव्य लिहिलं, तोवर वीराचं चित्र पार बदललं होतं. त्याचा जेसन संकटात हतबल होतो आणि मिडिया या जादूगारणीच्या मलमावर जिंकतो. ते काव्यही वाचण्याजोगं आहे, पण होमरनंतर.

'इलियड' पहिल्यांदा हातात घेणाऱ्यानं दुसऱ्या सर्गातली जहाजांची लांबलचक यादी खुशाल ओलांडावी. पहिला, सहावा, नववा, बारावा, सोळावा, बाविसावा आणि चोविसावा, एवढे सर्ग आधी वाचले तरी कथा हातातून निसटत नाही. मग उरलेले वाचावेत, विशेषतः एकविसावा, कारण अकिलीसची बाजू घेणं तिथे सर्वांत कठीण जातं.